वळणावर आवाज द्यायचा असतो

प्लोवदिव, १४ सप्टेंबर

रालित्सा,

प्रिय वगैरे लिहीत नाही. एकेक टिंब टोचून लिहावं लागतं, खोट्या शब्दांवर हात कशाला झिजवू?

तुझे पट्टे पोचले, आंधळ्याने पोटावर बांधायचे, वाटेत काही आडवं आलं की थरथरणारे. ते घेऊन तुझ्या कंपनीची तीन माणसं आली होती. टेकडीच्या पायऱ्या चढून तिघं वर आली आणि एकानेही वळणावर आवाज दिला नाही. मी रिकाम्या बरण्या घेऊन खाली उतरत होते. एकाच्या छातीवर आपटले तेव्हा कळलं की समोर माणूस आहे. बरणी फुटली. त्याने माफी मागितली, आणि मग तिघं आपसात हसले. हसण्यासारखं काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही.

तू त्यांना एवढंही शिकवून पाठवलं नाहीस? आपल्या आंधळ्यांच्या वसाहतीत पोर बोलायला लागलं की आधी हे शिकतं. वळण आलं की नाव सांगायचं आणि दिशा सांगायची. 'वेलिका, खाली.' 'पेंचो, वर.' उतरणाऱ्याला कठडा द्यायचा, चढणाऱ्याने भिंतीला लागायचं. लहानपणी तू एकटीच दोन्ही आवाज द्यायचीस, खेळ म्हणून. आणि बापाला पुरलं त्या दिवशी याच पायऱ्यांवरून एक शब्द न बोलता उतरून गेलीस. डोळस माणसं नुसत्या नजरेने निरोप घेतात म्हणे. आमच्यात न बोलता जाणं म्हणजे तोंडावर दार आपटणं, आणि हे तुला पुरतं ठाऊक होतं.

तुझं माहितीपत्रक दोब्रिनच्या फोनने वाचून दाखवलं. दोब्रिन म्हणजे तळमजल्यावर नवीन राहायला आलेला. ट्रक चालवायचा, साखरेच्या आजाराने डोळे गेले. फोनमधल्या त्या बाईने अगदी कोरड्या आवाजात वाचलं, 'या पट्ट्यामागची प्रेरणा म्हणजे माझी अंध आई.' सोबत फोटो आहे म्हणे, कठड्यावर माझा हात. अख्खं अंगण ऐकत बसलं होतं. तुझे पेंचोकाका म्हणाले, "वेलिका, प्रेरणा मेलेल्या माणसांकडून घेतात. तुझी तब्येत बरी आहे ना?" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र मी भांडी आपटली.

तो फोटो कधी काढलास? मला का विचारलं नाहीस? बापाच्या वर्षाच्या प्रार्थनेला तू आली नाहीस, त्याच्या नावाचे गहू मी एकटीने शिजवले आणि एकटीने वाटले. फोटो काढायला मात्र तुला वेळ होता.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. नगरपालिकेची बाई आली होती. ती म्हणाली, कठडा गंजलाय, पुढेमागे कुणाच्या हाताला लागेल. आता सगळ्यांना पट्टे मिळणार आहेत तर कठडा काढून टाकू. तुझ्या माणसांनी हो हो केलं. रालित्सा, तो कठडा तुझ्या बापाने, रादोयने बसवलाय. कारखान्यातले सोबती घेऊन, सुट्टीच्या दिवशी, एक डोळस वेल्डर सोडला तर सगळे आंधळे. प्रत्येक वळणाच्या आधी त्याने कानशीने खाच पाडली, पायाआधी हाताला कळावं म्हणून. बर्फ पडला की त्या कठड्याशिवाय आम्हाला पाव मिळत नाही, डॉक्टर मिळत नाही, बस मिळत नाही.

आंधळा मागतो एक डोळा, असं लोक म्हणतात. आम्ही डोळा मागितलाच नव्हता. आमच्याकडे कठडा होता, तेवढा राहू दे.

हे पत्र ब्रेलमध्ये आहे, कारण मधे वाचून दाखवणारं कुणी नको. दिवा तिरपा धरून तू टिंबांच्या सावल्या वाचायचीस, ते विसरली नसशील. काही टिंबं कागद फाडून आरपार गेली आहेत. ती चुकून गेलेली नाहीत.

वेलिका


प्लोवदिव, १० ऑक्टोबर

रालित्सा,

तुझं उत्तर आलं, तेही छापील. म्हणजे मुलीचं पत्र मला पुन्हा त्या फोनमधल्या बाईच्या तोंडून ऐकावं लागलं, आणि फोन धरायला दोब्रिन. 'आई, तू जे मनात ठेवून आहेस' या वाक्याशी तो बिचारा खोकायला लागला आणि मिरच्या करपतायत असं सांगून उठून गेला. मिरच्या करपत नव्हत्या. त्या मी भाजत होते.

तू लिहितेस, पुष्कळ जणांवर चाचणी केली. कोणावर, ते मी तुझ्या कंपनीतल्या त्या कालोयानला फोन करून विचारलं. मुलगा सरळ आहे, त्याने सांगून टाकलं. विद्यापीठातली मुलं होती. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना सोफियाच्या रस्त्यावर फिरवलं. मी विचारलं, खरा आंधळा एकही का नाही? तो म्हणाला, "मावशी, वेळ कमी होता. आणि रालित्सा होतीच ना, तिला सगळं माहीत आहे."

डोळे बांधलेला माणूस आंधळा नसतो गं. तो घाबरलेला डोळस असतो. त्याला संध्याकाळी पट्टी सोडायची असते, मला संध्याकाळी भांडी घासायची असतात. त्याला जे हवं ते तू पट्ट्यात घातलंस. तो घाबरतो म्हणून पट्टा जरा जरा वेळाने 'सगळं ठीक आहे' असं सांगायला थरथरतो. मला वाटलं मुंग्या चढल्या. चालू करायचं बटण काचेसारखं गुळगुळीत, बोटाला सापडतच नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे चार्ज झाला की त्यावर हिरवा दिवा लागतो. हिरवा दिवा! ते ऐकल्यावर पेंचोकाका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी चष्मापण देतील सोबत."

सोफियात बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. शेळ्या कुठे आहेत हे तरी एकदा खाली उतरून बघायचं.

खोटं बोलायचं नाही म्हणून हेही लिहिते. दोब्रिनला पट्टा आवडलाय. डोळे गेल्यापासून तो घराबाहेर पडत नव्हता. काठी धरायची त्याला लाज वाटते. पट्टा कोटाखाली लपतो. परवा तो एकटा बाजारात जाऊन आला आणि येताना सगळ्यांसाठी प्यायला गोड बोझा घेऊन आला. बाटल्या देताना त्याचा आवाज निराळाच होता. तेव्हा तुझा पट्टा अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणते की विचारायला हवं होतं.

माझा मी पेटीत टाकून दिला.

वरच्या टप्प्याचा कठडा नगरपालिकेने गेल्या आठवड्यात कापून नेला. नमुना म्हणे. लोक पट्ट्यावर कसे चालतात ते बघून खालचाही नेणार. करवत चालली होती तेव्हा मी खिडकी लावून घेतली, तरी ऐकू येत होतं.

वेलिका


प्लोवदिव, २३ नोव्हेंबर

रालित्सा,

पेंचोकाकांचं खुब्याचं हाड मोडलंय.

पहाटे दहिवर पडलं होतं. ते पाव आणायला खाली निघाले, पोटावर तुझा पट्टा. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याच्याही पोटावर पट्टा. ते 'सगळं ठीक आहे'चं बारीक थरथरणं सोडलं तर दोन्ही पट्टे गप्प. पट्टा गप्प म्हणजे वाट मोकळी, असं तुझ्याच माणसांनी आम्हाला शिकवलंय. आणि वाट मोकळी असली तर आवाज कशाला द्यायचा? वरच्या वळणावर दोघं समोरासमोर धडकले. पेंचोकाकांनी हात टाकला, जिथे आयुष्यभर कठडा होता तिथे. तिथे काही नव्हतं.

दुसरं कोण होतं ते विचारशील. मी होते.

पट्टा पेटीत टाकला असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. मी तो रोज बांधत होते, कोटाच्या आत, कुणाच्या हाताला लागू नये असा. पावाच्या दुकानातल्या बाईला मात्र सांगितलं होतं, माझ्या मुलीने केलाय. दोनदा सांगितलं. जन्मापासून आंधळी आहे मी आणि त्या वळणावर उभ्या आयुष्यात गप्प राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले, कारण माझ्या पोटावर तुझं काम होतं आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

ते खाली पडले होते आणि मी त्यांना पायऱ्यांवर चाचपडत शोधत होते. ओरडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "कोण आहे ते? नाव तरी सांगायचं." माझ्या तोंडातून माझं नाव निघेना.

दवाखान्यातून मी कालोयानला फोन केला. पट्टे बिघडलेत असं मी म्हटलं. तो म्हणाला, "बिघडले नाहीत, मावशी. चालती माणसं तो मोजतच नाही." का, असं विचारलं. तर रस्त्यात गर्दी असली की पट्टा सारखा थरथरायचा, ती पट्टी बांधलेली मुलं वैतागायची, म्हणून हलणारी माणसं त्यातून वगळली. खांब, भिंत, उभी गाडी एवढंच तो सांगतो. माणसं काय, आंधळा येताना दिसला की आपोआप बाजूला होतात.

मी म्हटलं, "आणि समोरचाही आंधळा असला तर?"

तो म्हणाला, "हा विचार केला नव्हता."

त्याने केला नसेल. तो सोफियाच्या रुंद रस्त्यांवर वाढला, त्याच्या वाटेत कधी आंधळा आलाच तर एखादा. तू कुठे वाढलीस, रालित्सा? समोरून येणारा प्रत्येक माणूस आंधळा असतो अशा जागी वाढलेली तुमच्या त्या कंपनीत तू एकटी आहेस. चुकायचा हक्क त्यांना होता. तुला नव्हता.


प्लोवदिव, ९ जानेवारी

रालित्सा,

नाताळात तू फोन केलास आणि आपण भांडून तो ठेवला. तू पुन्हा तेच म्हणालीस, बापाच्या प्रेताशेजारी उभी राहून म्हणालीस तेच. "मी तुमची काठी होते, आई. मुलगी कधी झालेच नाही." फोनवर मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी आपटला. आता सुचलंय.

होतीस. शाळेत जायच्या वयाची होतीस तेव्हापासून आमची विजेची बिलं तू वाचलीस, डॉक्टरने काय लिहिलंय ते तू आम्हाला सांगितलंस, रादोयच्या फुप्फुसात गाठ आहे हेसुद्धा तुझ्याच तोंडून त्याने ऐकलं. पोरीच्या तोंडून ऐकायची ती गोष्ट नव्हती. पण दवाखान्याने कागद आमच्या हातात कोंबला आणि वाचायला दुसरं कुणी दिलं नाही. तुझा राग खरा आहे. तो त्यांच्यावर काढायचा सोडून तू माझ्यावर काढत आलीस, कारण मी जवळ होते. हेही मी समजू शकते.

पण एक गोष्ट आता माझ्या ध्यानात आलीय आणि ती ऐकून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतील. तो पट्टा तू आमच्यासाठी केलाच नाहीस. पट्टा बांधला की आई एकटी चालेल, आणि कुणा पोरीला तिचा हात धरावा लागणार नाही. गिऱ्हाईक मी नव्हतेच, तू होतीस. म्हणून मला विचारावंसं वाटलं नाही तुला. पळून जायची वाट कुणी आईला विचारून काढतं का?

तू पळालीस त्याचं मला काही नाही. पण तुझ्या पळण्याचं नाव आमची सोय असं ठेवलंस, आणि पेंचोकाका दवाखान्यात पडून आहेत.

ते चिडत नाहीत, हे मला आणखी सोसवत नाही. मी रोज जाते, भिंतीकडे तोंड करून बसते. काल म्हणाले, "वेलिका, पट्टा वाईट नाही, मुका आहे. शेळीच्या गळ्यात घंटा का बांधतात? शेळीला कळावं म्हणून नाही. दुसऱ्यांना कळावं म्हणून." त्यांचा बाप डोंगरात शेळ्या राखायचा. तर दोब्रिनने बाजारातून खरीच शेळीची घंटा आणली आणि पट्ट्याला शिवून घेतली. आता तो येतो तेव्हा अख्ख्या टेकडीला कळतं. काठीची लाज वाटणारा माणूस घंटा वाजवत फिरतोय. कोटाखाली लपवायचं सुटलं त्याचं. तुझ्या कंपनीच्या ध्यानात हे कधी आलं असतं?

फेब्रुवारीत नगरपालिकेची सभा आहे. उरलेला कठडा राहणार की जाणार ते तिथे ठरेल. ती बाई तुझं माहितीपत्रक हातात धरून बोलणार, हे मला आत्ताच ठाऊक आहे. आमचं ती ऐकत नाही. आम्ही बोललो की ती हळू आणि मोठ्याने बोलायला लागते, जणू आम्ही बहिरे आहोत. तुझं ऐकेल.

यायचं तर ये. पण डोळ्यांना पट्टी बांधून आमच्यासारखं होऊन बघायला येऊ नकोस. तुला डोळे आहेत, ते उघडे ठेव आणि आम्ही काय करतो ते बघ. आंधळं व्हायचं काम आम्ही चांगलं करतो, त्यात तुझी मदत नको.

वेलिका


प्लोवदिव, २ मार्च

रालित्सा,

काल रात्रीच्या बसने गेलीस आणि तुझा मफलर इथेच राहिला. तो पाठवणार नाही. हवा असेल तर येऊन घेऊन जा.

सभेत मी मागच्या रांगेत बसले होते हे तुला कळलं होतं का, ते काल तू बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. बाईने माहितीपत्रक वाचलं. मग तू उठलीस. तुझा आवाज इतका बापासारखा झालाय हे मला माहीत नव्हतं. तू म्हणालीस, "ते पत्रक मी लिहिलंय आणि ते चूक आहे. पट्टा कठड्याची जागा घेऊ शकत नाही. आम्ही तो चुकीच्या माणसांवर तपासला, आणि त्यात एका माणसाचं हाड मोडलं." बाई म्हणाली, तुमची कंपनी असं म्हणत नाही. तू म्हणालीस, कंपनी इथे राहत नाही. माझ्या शेजारी दोब्रिनची घंटा वाजली, तो खुर्चीत नीट बसला असावा. मी उठून बाहेर गेले. रडताना मला कुणी ऐकलेलं चालत नाही.

खालचा कठडा राहिला. वरचा टप्पा बर्फ वितळल्यावर पुन्हा बसवतो म्हणालेत. बसवेपर्यंत माझा विश्वास नाही. तुझ्या वरिष्ठांनी तुला पट्ट्याच्या कामावरून काढलंय हे कालोयानने सांगितलं, तू सांगितलं नाहीस. लपवायची सवय तुला कुणाची लागली ते माहीत आहे मला.

काल मनगटाला लाल-पांढऱ्या दोऱ्यांचा मार्तेनित्सा बांधायला आलीस आणि अंगणात बसलीस ते उन्हं उतरेपर्यंत. सगळ्यांनी तुला धुऊन काढलं. पेंचोकाका कुबड्या टेकत आले तेही नुसतं बोलायला. बटण खडबडीत हवं, दिव्याऐवजी आवाज हवा, पट्टा कोटाच्या वरून बांधता यायला हवा, आणि दुसरा पट्टा जवळ आला की दोघांचीही घंटा वाजली पाहिजे. दोब्रिन म्हणाला घंटा शेळीचीच हवी, दुसरी चालणार नाही. तू लिहून घेत होतीस. एकदाही 'खरं म्हणजे' असं म्हणाली नाहीस. मी मोठ्या मुश्किलीने गप्प बसले होते, कारण मला वाटत होतं की आता म्हणेल.

माझा राग गेलेला नाही. पेंचोकाका लंगडत राहणार, आणि त्यातला अर्धा वाटा माझा आहे. तो राग मी कुठे ठेवू ते मला कळत नाही. तुझ्यावर ठेवणं सोपं पडतं.

पण एक गोष्ट काल तुझ्यासमोर बोलले नाही. सकाळी तू माझ्या दाराशी येऊन घंटी वाजवलीस, मी पाव आणायला गेले होते. मग तू पायऱ्या उतरायला लागलीस आणि मी चढत होते. खालच्या वळणावर माझी बोटं तुझ्या बापाच्या खाचेत होती. मी माझं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि वर कुणीतरी थांबल्याचं ऐकलं. पावलं डोळस माणसाची होती, घाईने टाकलेली. मला लगेच कळलं. तुला मी दिसत होते. काही न बोलता वाट काढून जाणं तुला किती सोपं होतं, बापाला पुरलं त्या दिवशी गेलीस तसं. मी तोंड मिटलं. मनात म्हटलं, जा, आता जाऊनच दाखव.

मग तू म्हणालीस, "रालित्सा, खाली."

"वेलिका, वर," मी म्हटलं, कठडा सोडला आणि भिंतीला लागले. तुला कठड्याची गरज नव्हती. तरी तू तो धरलास. तुझी अंगठी लोखंडावर वाजत वाजत खाली आली, आणि खाचेपाशी थांबली.